हौदातले गप्पी

आमच्या चळवळीतल्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त. त्या पावसाळ्यात धाकटा भाऊ डेंग्यूने दवाखान्यात होता, तेव्हा मीही एक लिहिलं: ‘डेंग्यू परवानगी मागत नाही.’ शाहूपुरीत घरोघर वाटलं. मग आरोग्य केंद्रातून दहा गप्पी मासे आणले आणि मीही कुणाला न विचारता हौदात सोडले. हौद घरमालकांचा. ते जैन, वरच्या मजल्यावर राहायचे. आम्ही खाली भाड्याने. पाणी एकच.

तीन आठवड्यांनी त्यांच्या आईला, म्हणजे अक्कांना, घागरीत मासा दिसला. पर्युषणाचे उपास चालू होते. ऐंशी ओलांडलेल्या अक्का उकळलेलं पाणी प्यायच्या, तेही दिवसातून एकदाच, सूर्य मावळायच्या आत. त्यांनी त्या दिवसाचा भरलेला पेला बाजूला सारला.

“कुणी सोडलं हे?”

“मी. ते डासांच्या अळ्या खातात.”

“म्हंजे माझ्या हौदात रोज कत्तल, आन् तेच पाणी माझ्या पोटात व्हय?”

“माझा भाऊ मरता मरता वाचला, अक्का! अळ्यांची दया येते, त्याची नाही?”

त्यांची सून शेजारून कळशी घेऊन आली. अक्कांनी हातानेच नको म्हटलं. “दुसऱ्याचं पाणी पिऊन मी ह्यातनं सुटत न्हाय. मासे काढ. जित्ते काढ. मग बघू.”

चार वाजून गेले होते. बोलताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटत होती. मी हौदात उतरले. पाणी गाळायचं आपलं पांढरं फडकं त्यांनीच दिलं. “हळू. दुखवू नगंस त्येंना.”

त्यांची सून आणि मी बादल्या उपसत राहिलो. सोडले होते दहा. पंचवीस निघाले तरी पिल्लं येतच होती. गप्पी किती झपाट्याने वाढतात, हे मीच पत्रकात कौतुकाने छापलं होतं. पाणी घोट्यापर्यंत आलं. समोरच्या भिंतीवरचं ऊन वरच्या विटांवर गेलं.

“सगळं निघालं?” अक्कांनी विचारलं.

कोपऱ्यात पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं. मी फडकं टाकलं, तर तळचा गाळ उठला आणि काही दिसेना.

“सगळे,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तू खोटं बोलायची न्हाईस.” मग दोन्ही हातांनी पेला उचलला.

पाणी त्यांच्या घशाखाली उतरताना दिसत होतं. पेला रिकामा होईपर्यंत मी तो कोपरा पायांनी झाकून हौदात उभी राहिले.