नाकात दोन थेंब

धक्क्यावर बसलो होतो. होडीतून मालक सर्दी झालेल्या नव्या पाणबुड्याला सांगत होता, "नाकात दोन थेंब टाक आणि उतर. पर्यटक खोळंबलेत." पूर्वी याच मालकाचं ऐकून मीही मूर्खासारखा तेच थेंब टाकून उतरलो होतो. खोल पाण्यात त्यांचा असर ओसरला, नाक चोंदलं, कानातला दाब सुटेना आणि डाव्या कानाचा पडदा फाटला. पुढे पडदा सांधला, पण त्या कानानं ऐकू येणं गेलं ते गेलंच.

समुद्राला मी दोष देत नाही. तो आधी कान दुखवून बजावतो तरी. माणसांत तेवढीही सभ्यता नसते.

"उतरू नको रे!" मी ओरडलो. तो बिचकून थांबला.

मालक तोंडभर हसत माझी विचारपूस करायला आला, तसा मी डावा कान पुढे केला. डॉक्टर त्याला निकामी म्हणतात. मालकापुरता तो अगदी चोख चालतो.