शिवलेला फेटा

कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज घास उतरायचा नाय, म्हणून इथं लिहितेय.

अण्णांचा, माझ्या वडिलांचा, सारा जन्म मेंढरांमागं गेला. मागच्या महिन्यात लकवा मारला, उजवा हात गेला. आता ते माझ्या फ्लॅटवर असतात. हात परत येणार नाही, हे डॉक्टरांनी मला एकटीलाच सांगितलंय.

म्हणून मी गुलमंडीच्या बाजारातून शिवलेला फेटा आणला. टोपीसारखा नुसता डोक्यावर ठेवायचा. सकाळी त्यांच्यापुढं धरला. अण्णांनी तो उलटा करून आतली शिलाई बघितली.

"मी मेल्यावर घाल ह्यो," जड जिभेनं म्हणाले. "जित्त्या माणसानं बांधायचा असतो."

मग आपला जुना पटका घेतला, एक टोक दातात धरलं आणि डाव्या हातानं वेढे घेऊ लागले. सुटला. परत घेतला, परत सुटला. हनुवटीवरून लाळ गळत होती.

मला राहवलं नाही, हात पुढं केला. बोलले असते तर दातातलं टोक सुटलं असतं. त्यांनी नुसती नको म्हणून मान हलवली.

आत्ता ऑफिसातून घरी नवऱ्याला फोन केला. म्हणाला, "अजून बसलेत, दातात टोक धरून."

त्यांना हाताचं खरं सांगू का हो?