सेकंदात सही करणारे साहेब

काम कुठे अडतं ते शोधण्याचा आमच्या भावोजींना भारी नाद. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते ताईला सांगत, "चिरलेली भाजी गॅस रिकामा होईपर्यंत नुसती बसून राहते. तुझा वेळ तिथे जातो." ताई त्यांच्या हातात सुरी द्यायची, की संशोधन बंद.

घरबांधणी परवान्यांच्या कचेरीत मात्र त्यांना याच उद्योगाचा पगार मिळे. फाईल कोणत्या टेबलावर कधी आली, कधी उघडली, कधी पुढे सरकली, याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवतो. त्यावरून फायलींच्या वाटेचा नकाशा काढायचा आणि जिथे त्या तुंबतात तिथे लाल रंग भरायचा. नोकरी कंत्राटी होती आणि कंत्राट संपत आलं होतं. त्यांना कायम करण्याची फाईल साहेबांच्या सहीसाठी पडून होती.

नकाशा तयार झाला आणि भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. सगळा लाल रंग साहेबांच्याच टेबलावर! साहेबांची पद्धतच तशी. आलेल्या फायलीला हात लावायचा नाही. कोणीतरी वजनदार माणूस फोन करेल तेव्हा ती उघडायची आणि लगेच सही ठोकून मोकळं व्हायचं.

"हे दाखवू कसं?" भावोजी जेवताना म्हणाले.

"आहे तसं दाखवा," मी म्हटलं.

"तुझं काय जातंय बोलायला!"

शेवटी त्यांनी शक्कल लढवली. फाईल पडून राहण्याचा वेळ मोजमापातून वगळला आणि उघडल्यापासून पुढे जाईपर्यंतचा तेवढा ठेवला. आकडा एकही खोटा नाही. या हिशेबाने साहेब अख्ख्या कचेरीत सगळ्यांत चपळ ठरले, सेकंदात सही! संथ ठरल्या त्या आवक टेबलावरच्या बाई, कारण त्या प्रत्येक कागद वाचत. साहेबांनी भावोजींची पाठ थोपटली आणि बाईंना तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये धाडलं. ताई खुशीत नवीन पडद्यांचं कापड बघून आली. मला मात्र भावोजींचा असा संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

मुख्य कचेरीनेही तो अहवाल वाचला. इतका वेगवान अधिकारी एकाच कचेरीत कशाला वाया घालवायचा? आणखी दोन कचेऱ्यांच्या फायली साहेबांकडे वळवण्यात आल्या. आता फोनही तीन कचेऱ्यांचे यायला लागले, आणि ज्याचा फोन त्याची फाईल. भावोजींसाठी फोन करणार कोण? त्यांनी नवा नकाशा काढून आपली फाईल शोधली. कंत्राट संपण्याआधी तिची पाळी येण्याचं काही चिन्ह नव्हतं.

ताई रडकुंडीला आली. "अहो, मग साहेबांना तोंडावर सांगा ना, तुमच्या टेबलावर सगळं तुंबलंय म्हणून!"

"सांगितलं आज."

"मग? काय म्हणाले?"

भावोजींनी ताट बाजूला सारलं. "म्हणाले, तुमचा अहवाल फ्रेम करून भिंतीवर लावलाय. त्यात कुठे दिसतंय ते दाखवा."