पोट फुगवणारी घोडी

थोरलीला घोड्यांचं वेड शाळेपासूनचं. तबेल्यात तिनं लीद उपसण्यापासून सुरुवात केली. हाताला फोड आले, कपड्यांच्या वासानं वडील शेजारी बसेनासे झाले, पण पठ्ठी हटली नाही. मग एका सुट्टीत आईनं टुमणं लावलं, की धाकटी घरात नुसती लोळते, तिलाही घेऊन जात जा. थोरलीनं नेलं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं ती पुढं मनातल्या मनात म्हणायची.

कारण धाकटीला फारसं शिकवावंच लागलं नाही. तबेल्यातली काळी घोडी महाखट. थोरली रोज तिला खरारा करायची, खूर साफ करायची, आणि बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून उभ्या. धाकटीची चाहूल लागली की मात्र कान टवकारून दारात हजर. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा तर काळीसाठी धाकटीनं आणलेली गाजरं तिनं रागारागानं स्वतःच खाऊन टाकली.

घोडी शिकवणारे मास्तर आता शिंगरांच्या मोठ्या तबेल्यावर निघाले होते. हाताखाली एकीलाच नेणार, शिकवून तयार करणार. जायचं दोघींनाही होतं. मास्तर म्हणाले, काळीवर खोगीर चढवा, रिंगणात फिरवून आणा, मग बघू.

थोरलीची फेरी बिनचूक झाली. खोगीर उतरवलं, मग धाकटीची पाळी. काळीची एक खोड होती. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती श्वास भरून पोट फुगवायची आणि नंतर हळूच सोडून द्यायची. म्हणून तिला चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळायचा, हा तबेल्याचा नेमच. धाकटी घोडीशी गप्पा मारण्यात रमली आणि दुसऱ्यांदा आवळायचं साफ विसरली.

दारात उभ्या थोरलीनं ते पाहिलं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पडू दे, असं तिच्या मनात अगदी स्पष्ट आलं. एकदा तरी पडू दे.

वळणावर खोगीर कलायला लागलं तशी ती "तंग ढिला आहे" म्हणून ओरडली, धावली, लगाम धरला. तोवर धाकटी वाळूत. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. चूक माझीच, विसरले, असं ती उठता उठताच म्हणाली. थोरलीच्या मनात उकळ्या फुटत होत्या.

मास्तर तिच्याकडे वळले. "तंग ढिला आहे, हे तुला कधी कळलं?"

थोरलीला खोटं सुचेना. "ती चढायच्या आधी."

कोपरावर फुंकर घालणारी धाकटी थांबली.

"ही विसरली," मास्तर म्हणाले. "ते मी शिकवीन." आणि काळीला घेऊन आत गेले.

घरी धाकटीनं आईला सगळं रंगवून सांगितलं. ताईनं लगाम धरला नसता तर काळीनं फरफटत नेलं असतं, म्हणाली; ताईला ढिला तंग आधीच दिसला होता, तेवढं मात्र गाळलं. आईनं थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला. थोरलीनं धाकटीकडे पाहिलं; ती मान खाली घालून कोपराला औषध लावत होती. हेही हिलाच जमावं, याचा थोरलीला सगळ्यात जास्त हेवा वाटला.