गालातल्या पेशी

एमएस्सीनंतर बी.एड. करून काटोलला घराजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचं, असं माझं ठरलं होतं. प्रकल्प तेवढा बाकी होता. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, खाणाऱ्या रुग्णांच्या गालातल्या पेशी खरवडून घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. त्यासाठी मी नागपुरातल्या एका दवाखान्यात बसायचे.

एकदा कळमन्याच्या बाजारातले एक हमाल समोर आले. गालाचा कॅन्सर आहे हे त्यांना आठवड्यापूर्वीच कळलं होतं. संमतीपत्र त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं आणि विचारलं, यात माझा काय फायदा? काहीच नाही, मी खरं ते सांगितलं. मला माझा अभ्यास पुरा करायचा आहे. वाटलं, आता उठून जातील. पण त्यांनी सही केली. अट एकच, त्या पेशी त्यांना दाखवायच्या.

मी मार्गदर्शक बाईंना भीतभीतच विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याच तर आहेत, दाखव.

पुढच्या सोमवारी ते विद्यापीठातल्या आमच्या विभागात आले. चपला दाराबाहेर काढल्या. एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले. वेडीवाकडी, फुगलेली केंद्रकं मी त्यांना ओळखायला शिकवली.

"आमी बारा जन हाओत टोळीत," ते तसेच वाकून म्हणाले. "सारेच खर्रा खातो. मंग मलेच काहून झालं वं पोरी?"

"मले नाही माहीत, काका. कोनालेच पुरतं माहीत नाही."

त्यांनी मान वर केली. "मले वाटे, सारे माह्यापासून लपवून राहिले."

ते गेल्यावर मी कितीतरी दिवस वाचनालयात उत्तर शोधलं. तुकडे सापडले, त्यांना सांगावं असं काही सापडलं नाही. बी.एड.चा अर्ज भरायची तारीख निघून गेली आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. घरी बाबा मात्र काटोलच्या शाळेचं नाव काढत राहिले.

पीएचडीचं हे चौथं वर्ष. एकाच सवयीच्या दोन माणसांत एकाच्याच पेशी का बिघडतात, त्यातला एक लहानसा धागा माझ्या वाट्याला आला आहे.

काकांचा अर्धा जबडा काढला. बोलणं अडखळतं, ओझं उचलता येत नाही. बाजारात पोती शिवतात. टोळीतल्या चौघांना त्यांनीच तपासायला आणलं. एकाच्या गालात कॅन्सरपूर्वीचा पांढरा चट्टा निघाला. लवकर सापडला म्हणून त्याचं थोडक्यात निभावलं.