मागे पडणारी झांज

यंदा देवासला आमच्या गणपतीत भजनाला एकटेच गृहस्थ आले, बदनावरहून बसने. साठीचे असतील. सतरंजीवर त्यांनी टॅबलेट मांडला, शेजारी ऑडिओ इंटरफेसची डबी ठेवली. पेटी आणि ढोलकीच्या माइकची प्रत्येक पिन सदऱ्याच्या टोकाला पुसूनच ते डबीत खोचत होते.

आधी त्यांनी टॅबलेटमधली झांज सुरू केली. तिच्यावर ढोलकीचं एक आवर्तन वाजवलं, ते टॅबलेटमध्ये रेकॉर्ड होऊन आपोआप फिरत राहिलं, मग पेटी धरली. पण झांज दर खेपेला जराशी उशिरा पडायची, आणि तिच्यामागे बांगड्या किणकिणायच्या.

आवाजाची व्यवस्था माझ्याकडे होती, त्यामुळे मला राहवेना. पहिलं भजन संपताच म्हटलं, "काका, झांज मागे पडतेय. टॅबलेटमध्ये बरोबर करता येते."

"येते ना. हा टॅबलेट तर रोज विचारतो, ठीक कर दूँ क्या." ते हसले. "बायकोची आहे. ती अशीच मागे पडायची. आता मीच थोडा थांबतो."

थाप देण्याआधी त्यांचा हात हवेत का रेंगाळत होता, ते तेव्हा कळलं.

शेवटी त्यांनी पेटी थांबवली, मग ढोलकी. झांज तेवढी वाजत राहिली. त्यांचं बोट दोनदा काचेपर्यंत गेलं आणि परत आलं. मग टॅबलेट माझ्याकडे सरकवून ते वायर गुंडाळू लागले.

"भिया," मान वर न करता ते म्हणाले, "एवढी तुम्ही बंद करा."