तान्ह्यांचा काटा आणि घोड्याचा नाल

पितळी वजनांची पेटी मांडीवर घेऊन मी पेडण्याहून इब्रामपूरच्या बसमध्ये बसलो, की एखादा भाजीचा गाडेकार हळूच आपली तागडी पिशवीत सरकवायचा. मी वजनमाप खात्याचा नव्हे, आरोग्य केंद्रांतली उपकरणं तपासून नीट लावतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. गोव्याचं नुकतंच राज्य झालं होतं. बसमध्ये मराठी की कोकणी यावरून जुंपायची आणि उतरताना भांडणारेच एकमेकांच्या पिशव्या उचलून द्यायचे. मला त्या वादात गोडी नव्हती. रिकामा असताना शून्यावर न थांबणारा काटा दिसला, की मात्र माझं डोकं फिरायचं.

त्या सकाळी उपकेंद्राच्या सोप्यावर एक बाळंतीण रडत बसली होती. माहेर सावंतवाडीकडचं, नवरा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर. शेजारी सासू, तिच्या मांडीवर दूध पावडरीचा न फोडलेला डबा. नर्सबाईंनी नुकतंच बाळाचं वजन केलं होतं, महिनाभरात ते जराही वाढलं नव्हतं.

"हिचा दूद पुरना नाय," सासू मलाच सांगू लागली. "काटोच सांगता न्हय! आजपासून डबो."

कुणी हिसकावून नेईल अशा भीतीनं सुनेनं बाळाला पदराखाली घट्ट धरलं होतं.

आत गेलो. छताला टांगलेल्या तान्ह्यांच्या काट्याची झोळी रिकामीच होती, तरी काटा शून्याच्या बराच मागे रेंगाळत होता.

"याला हात कोणी लावला?" मी नर्सबाईंवर कडाडलो.

"मीच," त्या म्हणाल्या. "पोरांक दिष्ट लागता म्हणान हुकाक घोड्याचो नाल बांदलेलो. त्याचा वजन नको म्हणान स्क्रू फिरवन काटो शून्यार हाडलो."

"मग नाल कुठंय?"

"पोरांक थंड लागता म्हणान काडलो. थंय दारार मारलो, गेल्या आठवड्यात."

नाल गेला, पण स्क्रू तसाच राहिला. म्हणजे मागच्या महिन्याचं वजन खरं आणि आजचं नालाएवढं कमी! आणखी ओरडायला मी तोंड उघडलं. पण गावातल्या सगळ्या पोरांची दृष्ट काढू पाहणारी ती माउली समोर मान खाली घालून उभी होती. तिच्यावर रागावणार तरी कसं?

स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. एकेक वजन झोळीत चढवलं, एकेक उतरवलं. मग सगळी एकदम ठेवून हूक आणि दोऱ्या ताणून पाहिल्या. झोळी तुटली तर अचूक आकडा काय चाटायचाय?

सासू दारातून सगळं पाहत होती. "मास्तरानू, स्क्रू फिरवन तुमी सुनेचा दूद बरा दाखयतात!"

मला तिची शंका आवडली. माझ्या वजनांना मी कुणाला बोट लावू देत नसे, पण त्या दिवशी पेटी तिच्यापुढं सरकवली. तिनं पदरानं हात पुसले, स्वतः वजन झोळीत ठेवलं, काढलं, दुसरं ठेवलं. काटा दरवेळी वजनावर कोरलेल्या आकड्यावरच थांबला.

मग सुनेनं बाळाला झोळीत ठेवलं. ते पाय झाडत होतं, काटा नाचत होता. बाळ शांत होईपर्यंत आम्ही थांबलो. नर्सबाईंनी वाकून पाहिलं, त्यांचा चेहरा फुलला आणि आता त्या आकडा ओरडून सांगणार, तोच सासूनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू सांग गो! दिष्ट लागात."

वाढलेला आकडा तिच्या कानात सांगितला गेला. सासू सुनेकडं पाहत राहिली. शेवटी तिनं डबा उचलून नर्सबाईंच्या हातात दिला.

"फोड गो ह्यो. मास्तरांक च्या कर."

सून सोप्यावर भिंतीकडं तोंड करून बाळाला पाजायला बसली. आत आम्ही बाळाच्या डब्यातल्या दुधाचा चहा प्यालो. गुठळ्या राहिल्या होत्या. मी आणखी एक कप मागून घेतला.